कारागिराचीं हत्यारें व त्यांचा एक इतिहासकार

कोणत्याहि मोठ्या वस्तुसंग्रहालयाच्या दालनांतून फिरतांना एक गोष्ट विचारी प्रेक्षकाच्या ध्यानांत आल्याशिवाय राहत नाहीं. तेथें तलवारी असतात, ढाली असतात, चिलखतें असतात. राजांच्या चौरंगांपासून राण्यांच्या करंड्यांपर्यंत सर्व कांहीं कांचेच्या कपाटांत नीट मांडलेलें असतें. परंतु तो चौरंग ज्या रंध्यानें गुळगुळीत झाला तो रंधा, ती तलवार ज्या ऐरणीवर ठोकली गेली ती ऐरण, आणि तो करंडा ज्या छिन्नीनें कोरला गेला ती छिन्नी, यांपैकीं एकहि वस्तु तेथें क्वचितच दृष्टीस पडते. आमच्या भाषेनें योद्ध्याच्या आणि सुताराच्या साधनांस 'हत्यार' हा एकच शब्द देऊन दोहोंचा मान सारखा राखला आहे. इतिहासानें मात्र तो राखलेला नाहीं. या पक्षपाताविरुद्ध ज्या थोड्या माणसांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्यांपैकीं एकाची हकीकत वाचकांपुढें मांडावी, आणि तिच्या अनुषंगानें हत्यारांचा संग्रह हें इतिहासाचें अंग केव्हां होतें व केव्हां होत नाहीं याचा थोडा विचार करावा, असा आमचा हेतु आहे.

प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, जुनीं हत्यारें मुळांत शिल्लकच फार थोडीं राहतात. तलवार वारसाकडे जाते. हत्यार कामांत झिजतें. पटाशी धार लावतां लावतां आखूड होते, अगदींच आखूड झाली कीं लोहार तिचें दुसरें कांहीं घडवितो, आणि तिची मूठ चुलींत जाते. म्हणून प्राचीन कारागिरांचीं हत्यारें आपल्या हातीं लागतात तीं बहुधा अपघातानेंच. बाल्टिक समुद्रांतील गॉटलंड बेटावर १९३६ सालीं एका शेतकऱ्याचा नांगर जमिनींत पुरलेल्या एका ओकच्या पेटीस अडला. ती जागा पूर्वीं तळ्याची होती. पेटींत व तिच्या आसपास सुमारें २०० वस्तु मिळाल्या. त्यांत सुताराचीं व लोहाराचीं हत्यारें होतीं, आणि तीं जवळजवळ हजार वर्षांपूर्वींचीं होतीं. 'मेरी रोझ' हें इंग्लंडचें लढाऊ जहाज १५४५ सालीं बुडालें आणि त्याचा सांगाडा १९८२ सालीं समुद्रांतून वर काढण्यांत आला; त्या उत्खननांत जहाजावरील सुतारांच्या पेट्या रंध्यांसकट सांपडल्या. तिसरें उदाहरण याहून मौजेचें आहे. इंग्लंडांतील बेंजामिन सीटन नांवाच्या तरुणासाठीं त्याच्या बापानें १७९६ च्या अखेरीस लंडनच्या एका दुकानांतून सुतारकामाचीं हत्यारें खरेदी केलीं. मुलानें पुढल्या वर्षीं त्यांच्यासाठीं सुबक पेटी बनविली व आंतील मालाची यादीहि लिहून ठेविली. ती पेटी आज रॉचेस्टरच्या संग्रहालयांत जवळजवळ जशीच्या तशी आहे. याचें कारण इतकेंच, कीं तीं हत्यारें फारशीं वापरलींच गेलीं नाहींत! जीं राबलीं तीं नाहींशीं झालीं, आणि जीं स्वस्थ बसलीं तीं संग्रहालयांत पोंचलीं, असा हा उलटा न्याय आहे.

झिजणें हें एक कारण झालें. दुसरें कारण विद्वानांच्या उपेक्षेचें. लेखणी ज्यांच्या हातीं होती त्यांच्या हातीं करवत नव्हती, आणि करवत ज्यांच्या हातीं होती त्यांस लिहिण्याची गरज किंवा संवय नव्हती. युरोपांत ही भिंत प्रथम मोठ्या प्रमाणावर फोडली ती फ्रेंच ज्ञानकोशकार दिदरो यानें. तो स्वतः लांग्र येथील एका सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या कारागिराचा मुलगा होता, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १७५१ ते १७७२ या काळांत त्याच्या ज्ञानकोशाचे मजकुराचे १७ आणि चित्रांचे ११ खंड निघाले. त्या चित्रांत वर कारखान्याचा देखावा व खालीं तेथील एकेक हत्यार सुटें सुटें काढून दाखविलें आहे. पुढें राज्यक्रांतीच्या धामधुमींत, १७९४ सालीं, आबे ग्रेग्वार याच्या पुढाकारानें पॅरिस येथें कलाकौशल्याचें भांडार स्थापन झालें, व यंत्रें, त्यांचे नमुने, हत्यारें आणि नकाशे हीं सर्व तेथें लोकशिक्षणासाठीं ठेवण्याची योजना झाली. परंतु या दोन्ही उद्योगांचा रोंख पुढें होता. धंदे सुधारावे, नवी युक्ति सर्वांस कळावी, हा त्यांचा उद्देश. जुनें, टाकून दिलेलें, कोणास नको असलेलें हत्यार हाच इतिहासाचा पुरावा आहे, ही कल्पना हातीं घेऊन तिच्यासाठीं सारें आयुष्य खर्चणारा मनुष्य शंभर वर्षांनीं, आणि तोहि अमेरिकेंत, निपजला.

हेन्री चॅपमन मर्सर यांचा जन्म १८५६ सालीं पेन्सिल्व्हेनिया राज्यांतील डॉइल्सटाउन या लहानशा गांवीं झाला. घरची स्थिति चांगली होती. हार्वर्ड येथील पदवी घेऊन व पुढें कायद्याचा अभ्यास करून ते १८८१ सालीं फिलाडेल्फियाच्या वकीलमंडळांत दाखल झाले. पण वकिली त्यांनीं कधीं केली नाहीं. त्यांचें मन जमिनीखालच्या वस्तूंत गुंतलेलें होतें. आपल्या बक्स परगण्याच्या इतिहासमंडळाच्या संस्थापकांत ते १८८० पासूनच होते, आणि १८९४ ते १८९७ या काळांत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयांत अमेरिकेच्या व प्रागैतिहासिक काळाच्या पुराणवस्तूंचे ते अधिकारी होते. १८९५ सालीं त्यांनीं मेक्सिकोच्या बाजूस युकातान येथील गुहांचें उत्खनन केलें. दगडाच्या ओबडधोबड छिलक्यांवरून तो दगड फोडणाऱ्या माणसाच्या हाताची हालचाल ओळखावयाची, ही त्यांची विद्या होती. ही विद्या पुढें कोठें उपयोगास येणार आहे याची त्यांस त्या वेळीं कल्पना नसावी.

१८९७ च्या वसंतांत त्यांस शेगडीच्या जुन्या चुलाण्यासाठीं चिमट्यांची जोडी हवी होती. ती पाहण्यास ते मोडका-तोडका माल विकणाऱ्या एका मनुष्याच्या कोठारांत गेले. तेथें जुन्या घरांतून कवडीमोलानें उचललेल्या वस्तूंचा ढीग पडला होता: सुताचे चरखे, जवसाचीं खोडें कुटून धागा काढण्याचीं लांकडी यंत्रें, मिठाच्या पेट्या, गवताचीं मधमाशांचीं घरें, शेतांतील माणसांस जेवावयास हांक घालण्याचीं पत्र्याचीं शिंगें, दोर वळण्याचीं साधनें. हा सर्व माल पन्नास-साठ वर्षांपूर्वीं त्या परगण्यांतील प्रत्येक घरीं नित्य वापरांत होता. कारखान्यांचें कापड, कारखान्यांचे खिळे व कारखान्यांची भांडीं आलीं, आणि एका पिढीच्या आंत त्यांचा उपयोग तर गेलाच, पण कित्येकांचीं नांवेंहि तरुणांस ठाऊक राहिलीं नाहींत. त्या ढिगापुढें उभें असतां मर्सर यांच्या मनांत आलें तें असें, कीं हजारों वर्षांपूर्वींच्या माणसाचीं हत्यारें शोधण्यास आपण दूरदूरच्या गुहा खणतों. आणि आपल्या आजोबांचा काळ मात्र आपल्या डोळ्यांदेखत जळाऊ लांकडाच्या भावानें विकला जात आहे. पुराणवस्तुशास्त्र नेहमीं फार दूरच्या काळापासून आरंभ करून इकडे येतें. तें उलटें फिरवून कालच्या दिवसापासून आरंभ करावा आणि पायरी पायरीनें मागें जावें, असा निश्चय त्यांनीं केला.

हा विचार वरवर साधा दिसतो, पण त्यांत एक मोठें मर्म आहे. गुहेंत मिळालेल्या दगडी सुरीविषयीं तर्क करावा लागतो; तिचा धनी बोलावयास येत नाहीं. परंतु कालच्या हत्याराचा धनी, किंवा निदान त्याचा मुलगा, अद्याप जिवंत असतो. त्यास विचारतां येतें. हें काय, तें कसें धरावयाचें, धार कोणत्या बाजूस, आणि तुम्ही यास म्हणतां काय, या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे जें ज्ञान हातीं येतें तें शंभर वर्षांनीं कितीहि खणलें तरी मिळावयाचें नसतें. म्हणून मर्सर यांनीं विद्यापीठाचें काम सोडलें आणि गाडी घेऊन ते परगण्यांतील गोठे, माळे व लिलांव पालथे घालूं लागले. त्याच वर्षीं त्यांनीं ७६१ वस्तूंचें प्रदर्शन भरवून त्यांची वर्णनात्मक यादीहि छापली. त्या यादीचें नांव 'राष्ट्रनिर्मात्याचीं हत्यारें' अशा अर्थाचें होतें. राष्ट्र घडविणारा म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढें कोणी सेनापति किंवा मुत्सद्दी नव्हता. कुऱ्हाड घेऊन रानांत शिरलेला शेतकरी आणि त्याची सूत कांतणारी बायको हींच त्यांच्या मतें राष्ट्र घडविणारीं माणसें होतीं.

आतां एखादें हत्यार बोलतें म्हणजे काय करतें, हें उदाहरणानें पाहूं. मर्सर यांच्या संग्रहांत बोथट पात्याचें एक विचित्र साधन आहे. पातें हातभर लांब, आणि त्याच्या एका टोंकास मूठ काटकोनांत उभी बसविलेली. नवखा मनुष्य त्यास मोडकी कोयती समजेल. वस्तुतः तें छपरासाठीं लांकडी कौलें फाडण्याचें हत्यार आहे. पातें ओंडक्याच्या माथ्यावर ठेवून त्याच्या पाठीवर लांकडी मोगरी मारावयाची, आणि पातें आंत शिरलें कीं मूठ तरफेसारखी ओढून लांकूड उकलावयाचें. धार मुद्दाम बोथट ठेवलेली, कारण येथें कापावयाचें नसून उकलावयाचें आहे. लांकूड आपल्या रेषेनें उकलतें, त्याचे तंतु तुटत नाहींत, म्हणून पावसाचें पाणी त्यांत मुरत नाहीं. करवतीनें कापलेल्या फळीचे तंतु जागोजाग तुटलेले असतात व ती लवकर कुजते. हें सर्व शास्त्र त्या बोथट पात्यांत सांठविलेलें आहे. पण तें सांगणारा कोणी नसेल तर संग्रहालयांत त्याच्याखालीं 'मोडकी कोयती' अशीच चिठ्ठी लागेल.

दुसरें साधन आमच्या वाचकांस अधिक जवळचें वाटेल. एका मुठीच्या टोंकास फिरती लोखंडी चकती, एवढेंच त्याचें स्वरूप. गाडीचें चाक तयार झालें म्हणजे ही चकती त्याच्या परिघावरून फिरवीत न्यावयाची व तिचे फेरे मोजावयाचे. मग तितकेच फेरे, पण किंचित् कमी, लोखंडी पट्टीवर मोजून पट्टी तोडावयाची व तिची धाव वळावयाची. ही धाव विस्तवांत लाल केली कीं ती फुगते, चाकावर चढते, आणि पाणी ओततांच आक्रसून तुंबा, आरे व पाटे यांस असें आवळून धरते कीं सर्व सांधे एकजीव होतात. 'किंचित् कमी' म्हणजे किती, हें त्या चकतीवर कोठेंहि लिहिलेलें नाहीं. धाव फार लहान झाली तर चाक वांकतें, मोठी झाली तर सैल बसते. तें प्रमाण लोहाराच्या हातांत आणि डोळ्यांत होतें. चकती संग्रहालयांत ठेवतां येते. तो हात ठेवतां येत नाहीं. हत्यारांच्या संग्रहाची खरी अडचण हीच, आणि मर्सर यांचें मोठेपण हें कीं ही अडचण त्यांनीं ओळखली.

हत्यारांच्या या अभ्यासाचा एक अनपेक्षित लाभहि त्यांनीं दाखवून दिला. १९२३ सालीं वाचलेल्या एका निबंधांत जुन्या घरांचा काळ कसा ठरवावा हें त्यांनीं सांगितलें आहे. घराच्या मालकांच्या दंतकथांपेक्षां त्या घराच्या दारांतील खिळ्यावर त्यांचा विश्वास अधिक होता. लोहारानें हातानें ठोकलेला खिळा चारी बाजूंनीं निमुळता होत जातो. यंत्रानें पत्र्यांतून कापलेला खिळा दोनच बाजूंनीं निमुळता असतो. आणि तारेचा गोल खिळा त्याहून मागाहूनचा. टोंकदार स्क्रू १८४६ च्या सुमारास प्रचारांत आला. त्यापूर्वींचे स्क्रू टोंकाशीं बोथट असत. फळीवर करवतीच्या रेषा सरळ असतील तर ती खालींवर चालणाऱ्या करवतीची, आणि वक्र असतील तर फिरत्या गोल करवतीची. वाड्याच्या मालकास आपला वाडा कितीहि जुना वाटो, खिळा त्याची भीड धरीत नाहीं!

या संग्रहासाठीं घर हवें होतें. मर्सर लहान असतां, १८७२ सालीं, बोस्टन शहरास लागलेल्या मोठ्या आगींत त्यांच्या एका मावशीनें जमविलेलीं मध्ययुगीन चिलखतें जळून नष्ट झालीं होतीं. ती आठवण त्यांच्या मनांतून गेली नाहीं असें सांगतात. आपलें स्वतःचें घर, आपला कौलांचा कारखाना आणि संग्रहालय अशा तिन्ही इमारती त्यांनीं केवळ सिमेंट-काँक्रीटच्या बांधल्या. १९१३ ते १९१६ या काळांत संग्रहालयाचें काम मोजक्या मजुरांच्या आणि लूसी नांवाच्या एका घोडीच्या मदतीनें पुरें झालें. मधोमध उंच चौक, आणि सभोंवतीं मजल्यावर मजले लहान लहान खोल्यांचे. एका खोलींत चांभाराचा संसार, दुसऱ्यांत पिंपें करणाऱ्याचा, तिसऱ्यांत टोपीवाल्याचा. चौकाच्या पोकळींत व्हेल माशाच्या शिकारीची होडी, मालाची अवजड गाडी, खुर्च्या आणि पाळणे छताखालीं टांगलेले आहेत. रोजच्या वस्तु डोक्यावर उलट्या-सुलट्या लटकतांना पाहून प्रेक्षक दचकतो, आणि दचकल्यामुळेंच त्या नीट पाहतो. सुमारें ३०,००० वस्तु मर्सर यांनीं जमविल्या, आणि त्यांची मांडणी वयावरून किंवा सौंदर्यावरून न करितां माणसाच्या गरजांवरून केली: अन्न कसें मिळविलें, वस्त्र कसें विणलें, निवारा कसा उभारला, ओझें कसें वाहिलें.

संग्रह करणारे पुष्कळ असतात. पण संग्रहानें ज्यांचे स्वतःचे हात मळले असे थोडे. बक्स परगण्यांतील जर्मन वंशाच्या कुंभारांचीं हत्यारें गोळा करीत असतां मर्सर यांच्या ध्यानांत आलें कीं, त्या लाल मातीच्या भांड्यांची कलाच आतां मरणपंथास लागली आहे. तेव्हां ती आपणच शिकावी म्हणून चाळिशी उलटल्यावर ते चाकापुढें बसले. भांडीं त्यांस साधलीं नाहींत. पण त्या खटपटींतून नक्षीदार फरश्या करण्याची विद्या हातीं आली, आणि १८९८ पासून त्यांचा कारखाना सुरू झाला. १९०६ सालीं हॅरिसबर्ग येथें पेन्सिल्व्हेनियाच्या राज्यसभेची जी भव्य इमारत पुरी झाली तिच्या जमिनींत त्यांनीं बनविलेलीं जवळजवळ ४०० चित्रें बसविलेलीं आहेत; त्यांत राज्याचा इतिहास आहे, उद्योगधंदे आहेत, पशुपक्षीहि आहेत. ज्या हत्यारांस कोणी विचारीत नव्हतें त्यांच्या मागें लागलेल्या माणसाची कारागिरी अशी राजमंदिराच्या जमिनींत जाऊन बसली.

परंतु मर्सर यांच्या चरित्रांतील सर्वांत महत्त्वाचा भाग आम्हांस याहून वेगळाच वाटतो. त्यांनीं आरंभ केला तो राष्ट्राभिमानानें. अमेरिकन राष्ट्र कोणत्या हत्यारांनीं घडविलें हें त्यांस दाखवावयाचें होतें. ज्या रानांवर ती कुऱ्हाड चालली तीं लेनापे लोकांचीं होतीं, याचा उच्चार त्या 'राष्ट्रनिर्मात्या'च्या नांवांत नाहीं. तेवढी त्या कल्पनेची मर्यादा मानलीच पाहिजे. पण अभ्यास जसजसा वाढला तसतशी ती कल्पना आपोआप विरघळत गेली. आपल्या परगण्यांतील रंधा त्यांस पाँपेईच्या अवशेषांत दिसला. भोंक पाडण्याचें कमानीचें यंत्र इजिप्तच्या थडग्यांतील भिंतींवर दिसलें. १९२९ सालीं प्रसिद्ध झालेल्या, सुतारांच्या प्राचीन हत्यारांवरील त्यांच्या ग्रंथांत हीं साम्यें पानोपानीं आढळतात. खास अमेरिकेंत घडलेलें असें ठळक हत्यार निघालें तें बहुधा एकच: मागच्या बाजूस जड डोकें देऊन तोल साधलेली, रान तोडण्याची कुऱ्हाड. बाकीचीं सर्व हत्यारें त्या राष्ट्राच्या जन्माच्या कितीतरी आधींचीं, आणि समुद्रापलीकडून आलेल्या माणसांच्या हातांतून आलेलीं.

तेव्हां मर्सर यांनीं काय केलें? आपला सिद्धांत वांचविण्याकरितां पुरावा झांकून न ठेवितां त्यांनीं आपल्या शोधाचें क्षेत्रच वाढविलें. आपल्या खर्चानें त्यांनीं रुडॉल्फ हॉमेल या गृहस्थांस चीन देशांत पाठविलें. १९२१ पासून १९३० पर्यंतच्या काळांतील बहुतेक वर्षें हॉमेल यांनीं चीनच्या खेड्यापाड्यांतून लोहार, सुतार, कुंभार व शेतकरी यांच्या कामाचीं छायाचित्रें घेण्यांत आणि त्यांचीं हत्यारें मिळविण्यांत घालविलीं. पुढें ढकलतांना आणि मागें ओढतांना दोन्ही वेळां वारा देणारा चिनी लोहाराचा पेटीचा भाता, त्यांचे रंधे, त्यांच्या करवती, हें सर्व त्यांनीं मापांसकट टिपून ठेविलें. त्यावरील मोठा ग्रंथ १९३७ सालीं निघाला. तो पाहण्यास मर्सर राहिले नव्हते. १९३० च्या मार्च महिन्यांत त्यांचें निधन झालें होतें. युद्धें व क्रांति यांनीं पुढें चीनचें खेडें पार बदलून टाकलें. त्यामुळें त्या ग्रंथाचें मोल आज अधिकच वाढलें आहे. एका परगण्याच्या अभिमानानें निघालेला मनुष्य अशा रीतीनें साऱ्या मनुष्यजातीच्या अंगणांत येऊन उभा राहिला, आणि तेथें त्यास हत्यारांनींच आणून सोडलें. राजांच्या तलवारी देशादेशांतील वैराची साक्ष देतात. सुताराचा रंधा त्यांच्या नात्याची देतो.

मर्सर यांच्या मागून या मार्गानें अनेक लोक गेले. अमेरिकेंत १९३३ सालीं जुन्या उद्योगांच्या अभ्यासकांचें एक मंडळ स्थापन झालें. त्याच्या सभासदांत एक रिवाज आहे: ज्यास न ओळखूं येणारें हत्यार मिळालें असेल त्यानें तें सभेंत आणावें व 'हें काय?' असें विचारावें. मग कोणी म्हातारा ठठेरा किंवा खोगीर शिवणारा उठून उत्तर देतो. या साध्या रिवाजांत पुष्कळ शहाणपण आहे. इंग्लंडांत सालमन यांनीं आयुष्यभर हत्यारें जमवून १९७५ सालीं लांकूडकामाच्या हत्यारांचा कोश प्रसिद्ध केला. फ्रान्सांत त्रॉय येथें फेलर या पाद्र्यानें जमविलेल्या हजारों हत्यारांचें मंदिर १९७४ सालीं उघडलें. जपानांत कोबे येथें १९८४ सालीं केवळ सुतारांच्या हत्यारांचें संग्रहालय निघालें. जुन्या रंध्यांना आज लिलांवांत मोठी किंमत येते. मात्र किंमत आली कीं डोळे कारखान्याच्या शिक्क्यावर जातात आणि कामावरून उठतात, हा धोका संग्राहकांनीं ओळखून असावें.

आतां आमच्याकडे वळूं. महाराष्ट्राच्या गांवगाड्यांत सुतार, लोहार, चांभार, कुंभार हे सारे बलुतेदार होते. सुताराचा वाकस, पटाशी, गुण्या, सामता, लोहाराचा भाता, घण, सांडस, चांभाराची रापी व आरी, सोनाराची फुंकणी, कोष्ट्याचा धोटा, पिंजाऱ्याची धनुकली, यांवर सारें गांव उभें होतें. त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालच्या 'गांवगाडा' या ग्रंथांत त्या जगाचें व त्यांतील बलुत्याचें चित्र काढून ठेविलें. त्यापूर्वीं मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशानें कारागिरांचे कितीतरी शब्द टिपून घेतले. शब्द असे वांचले; वस्तु मात्र कोणी जमविल्या नाहींत. खंडेनवमीस आम्ही हत्यारांस गंध-फूल वाहतों, पण दुसऱ्या दिवशीं त्यांच्याकडे पाहत नाहीं. याचें कारण कटु आहे, तरी सांगितलें पाहिजे. युरोपांत हत्याराची उपेक्षा झाली ती आळसानें. आमच्याकडे ती जातीनें झाली. प्रत्येक हत्यार जन्माशीं जखडलेलें, आणि रापीला हात लावणें म्हणजे विटाळ. ज्यांनीं लिहावयाचें त्यांनीं त्या वस्तूस शिवावयाचेंच नाहीं, असा जेथें धर्म, तेथें हत्यारांचा इतिहास कोणीं लिहावयाचा?

या अंधारांत एक दिवा लागला तो पुण्यास. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता करणारे दिनकर गंगाधर केळकर यांनीं १९२० च्या सुमारापासून रोजच्या वापरांतील वस्तु जमविण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, वाद्यें अशा हजारों वस्तु त्यांनीं खेड्यापाड्यांतून मिळविल्या, त्यांस आपल्या अकालीं गेलेल्या राजा नांवाच्या मुलाचें नांव दिलें, आणि पुढें हें सारें धन महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें. केळकरांची दृष्टि कवीची होती. साध्या वस्तूंतील कला त्यांनीं दाखविली, आणि घरगुती वस्तूहि संग्रहालयांत शोभते हें मराठी माणसास शिकविलें. त्यांच्या कामाच्या शेजारीं आतां मर्सर यांच्या कामाची जोड हवी आहे: ज्यांत नक्षी नाहीं, ज्यांत फक्त काम आहे, अशा हत्यारांचा संग्रह.

तो करण्यास मोठी इमारत किंवा राजाश्रय प्रथम लागत नाहीं. एकेका तालुक्याच्या एखाद्या शाळेनें एक खोली दिली तरी पुरे. पण केवळ लोखंड गोळा करून भागणार नाहीं, हें मर्सर यांच्या चरित्रापासून शिकावें. प्रत्येक हत्याराबरोबर त्याचें गांवच्या बोलींतील नांव, वापरणाऱ्याचें धरण्याचें वळण, धार लावण्याची रीत, आणि त्यानें काय बनें व काय बनत नसे, हें त्याच्याच तोंडून लिहून घेतलें पाहिजे. आज प्रत्येकाच्या खिशांत चित्र टिपणारा फोन आहे. मर्सर यांस किंवा हॉमेल यांस मिळालें नाहीं तें साधन, म्हणजे चालत्या हाताचें चित्र, आम्हांस फुकट उपलब्ध आहे. उणीव आहे ती विचारणाऱ्याची. रबरी चाकांच्या गाड्या आल्या; चाकावर धाव चढविणारा लोहार आतां फार थोड्या गांवीं उरला आहे, आणि जो उरला आहे तो वृद्ध आहे. 'किंचित् कमी' म्हणजे किती, हें तोच सांगूं शकतो. त्याचा भाता विकत घेण्यापूर्वीं त्याच्या ओट्यावर जाऊन बसावें आणि त्यास हें विचारावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.